बियाण्याचं गाडगं

आमच्या देव्हाऱ्याखाली एक मातीचं गाडगं आहे. काठाला टवका उडालेलं, बाहेरून धुरानं काळं पडलेलं. घरात नवी सून आली की विचारते, "मामा, यात काय आहे?" मी म्हणतो, "काही नाही, रिकामं आहे." मग ती विचारते की रिकामं गाडगं देवाजवळ कशाला ठेवलं? त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. त्यातून वाचणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं.

आमचं चौसाळा बीड तालुक्यात, बीडहून धाराशिवकडं जाणाऱ्या हमरस्त्यावर. बालाघाटाच्या डोंगराचा हा मुलूख. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगवते. पण नदीचं पाणी उताराला धावतं, खाली धनेगावच्या धरणात जाऊन बसतं. आमच्या वाट्याला माळ, मुरूम आणि आभाळाकडं बघायची सवय.

१९७२ साली मी अकरा वर्षांचा होतो. आदली दोन सालं ओढगस्तीचीच गेली होती. त्या वर्षी माझ्या वडलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, रान जितकं मन लावून केलं तितकं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. नांगरट झाली, वखराच्या पाळ्या झाल्या, काशा-कुंदा वेचून बांधावर टाकला. धसकटाचं एक बूड रानात दिसत नव्हतं. मृग कोरडा गेला. आडदऱ्यात एक सर आली, तिच्या भरवशावर बाजरी पेरली. ती बोटभर आली आणि वाळून गेली. तरण्या पावसात थेंब पडले, दुबार पेरलं. तेही गेलं. म्हातारा पाऊस, मघा, उत्तरा, सगळी नक्षत्रं आली तशी गेली. शेवटी हत्तीवर आशा होती, कारण आमची मालदांडी ज्वारी हत्तीच्या पावसावरच येते. हत्तीनं सोंड सुद्धा हलवली नाही.

पोळा झाला आणि दादांनी बैल नेकनूरच्या बाजारात नेले. बाजारात त्या दिवशी घेणारे थोडे आणि विकणारे सगळे. कातड्याच्या भावात जोडी गेली. दादा रात्री परत आले ते खांद्यावर कासरे टाकून. मायनं ताट वाढलं, ते जेवले नाहीत. मात्र झोपायच्या आधी मारुतीच्या देवळात भजनाला गेले. ते मला तेव्हा फार चमत्कारिक वाटलं. ज्यानं पाऊस दिला नाही, त्याचंच नाव हा माणूस टाळ वाजवून कसं घेतो?

पुढं दुष्काळी कामं निघाली. आमच्याकडं पाझर तलावाचं काम होतं. दादा खोदायचे, माय टोपल्यानं माती वाहायची, आम्ही पोरं मोठ्या माणसांना पाणी पाजायचो. कुठं खडी फोडायचं काम, कुठं रस्त्याचं, कुठं नालाबंडिंगचं. गावातली बड्या वाड्यातली माणसंही टोपलं घेऊन उभी राहिली. हजेरीपटावर नाव आलं म्हणजे त्या दिवसाची भाकर पक्की. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकर तव्यावर चिरायची, ताटात कोरडी पडायची आणि घशाखाली उतरताना खरवडायची. तरी ती होती म्हणून आम्ही आहोत.

कामावर एक उनाड जिभेचा माणूस होता. त्यानं एकदा सगळ्यांपुढं दादांना छेडलं, "का रं माळकऱ्या, तुझा इठोबा कुठं गेलाय?"

दादा कुदळ न थांबवता म्हणाले, "हितंच हाय की. टोपलं टाकायलाय."

लोक हसले. छेडणाराही हसला. मला वाटलं, दादांनी वेळ मारून नेली. ते उत्तर मला समजायला पुढं चाळीस वर्षं लागली.

आता त्या गाडग्याचं. आमच्या घरात जुनं पेव होतं, मुरमात खोदलेलं. ते कधीच रितं झालं होतं. पण बियाण्याची दोन गाडगी राखेत आणि लिंबाच्या पाल्यात घालून, तोंड शेणमातीनं लिंपून ठेवली होती. एकात बाजरी, एकात ज्वारी. दादांनी सक्त ताकीद दिली होती की जीव गेला तरी या गाडग्यांना हात लावायचा नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण तापानं पडली. मिलोची भाकर तिच्या पोटात ठरेना. माय दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं ज्वारीच्या गाडग्याचं तोंड फोडलं, मापटंभर काढली, दळली आणि पोरीला पातळ आंबील करून पाजली. असं तिनं चार-पाच दिवस केलं.

दादांच्या लक्षात आलं. मी दाराआड उभा होतो. मला वाटलं, आता मायला मार बसणार. दादांनी गाडग्यात हात घातला, किती उरलंय ते बघितलं आणि परत झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुणाला न सांगता कपिलधारला गेले. मांजरसुंब्याजवळ मन्मथस्वामींची समाधी आहे, वर कडा, खाली कुंड. कार्तिकी पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते, लिंगायत समाजाचं ते मोठं ठिकाण. आम्ही वारकरी, पण आमच्या भागात दु:ख झालेला माणूस कुणाच्या देवळात जायचं हे विचारत बसत नाही. त्या उन्हाळ्यात तिथली धारही आटली होती. दादा संध्याकाळी परत आले आणि मायला एवढंच म्हणाले, "पोरगी वाचू दे. पेरताना पातळ पेरू. देव बघंल, नाय बघितलं तर आपुन बघू."

बहीण वाचली. १९७३ चा पाऊस वेळेवर आला. दादांनी बैल मागून आणले आणि तिफणीच्या चाड्यावर मायला उभं केलं. तिला म्हणाले, मूठ आवळून सोड. हत्तीच्या पावसावर ज्वारी पेरली तीही तशीच, पातळ. ताटं लांब लांब उभी राहिली, पण कणसं अशी भरली की त्यांच्या वजनानं ताटं वाकली. रिकामं झालेलं ते गाडगं मायनं धुऊन देव्हाऱ्याखाली ठेवलं. ते आजवर तिथंच आहे.

ही गोष्ट इथंच संपवली असती तर ती कीर्तनात सांगायला बरी झाली असती. पण पुढं मला थोडा इतिहास वाचायची आवड लागली आणि मनात एक प्रश्न शिरला. आम्ही वाचलो ते देवावरच्या भरवशानं वाचलो म्हणावं, तर आमच्या आधी जे मेले त्यांचा भरवसा काय कमी होता?

दादांचा आजा १९०० सालच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायचा. माणसं झाडाचा पाला उकडून खायची, घराला कडी न लावता निघून जायची, कारण मागं चोरायला काही उरलंच नव्हतं. मला वाटायचं म्हातारा वाढवून सांगत असेल. मग शिरगणतीचे आकडे वाचण्यात आले. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात. १८९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या जवळ होती. १९०१ साली ती पाच लाखांच्या आत आली. दर चार माणसांतलं जवळजवळ एक माणूस कमी झालं. काही मेली, काही परागंदा झाली. त्या लोकांनीही रान नांगरलं होतं, तीही एकादशी धरत होती, त्यांच्याही घरी बियाण्याची गाडगी असतील.

त्याच्याही मागं गेलं तर १६३० चा दुष्काळ. गुजरातेपासून दख्खनपर्यंत माणसं आणि गुरं मेली. त्यातच देहूच्या तुकोबांचं घर बसलं. हे आपण सगळे जाणतो, पण शेतकरी म्हणून त्याकडं फार कमी वेळा बघतो. तुकोबा काही जन्मापासून डोंगरावर बसलेले साधू नव्हते. घरी शेती होती, महाजनकी होती, दुकान होतं. आई-वडील गेले, व्यापार बुडाला, गुरं गेली. थोरली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली, संतू नावाचा मुलगा गेला. कष्ट करणाऱ्या माणसाचं याच्याहून जास्त नुकसान ते काय व्हायचं?

त्या माणसानं पुढं काय केलं ते बघा. पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ पुन्हा उभं केलं. भंडारा डोंगरावर जाऊन बसले, स्वत:शी आणि देवाशी भांडले. आपल्या अभंगांत त्यांनी दिवाळं निघाल्याचं आणि बायको गेल्याचं लपवलं नाही, देवाला सुनवायचंही सोडलं नाही. आणि एक गोष्ट परंपरा सांगते, ती मला सगळ्यांत मोठी वाटते. घरात लोकांच्या कर्जाचे कागद होते. भावाच्या वाटणीचे त्याला दिले आणि आपल्या वाटणीचे इंद्रायणीत सोडले. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या कुळांच्या मानेवरचं जोखड त्यांनी काढलं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्टही तशीच. दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांना उघडून दिलं. त्यापुढं देव महाराच्या वेषात जाऊन पैसे भरून आला, असं भक्त सांगतात. देव आला की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण आधी कोठाराचं दार माणसानं उघडलं, मगच देवाची गोष्ट सुरू झाली.

मग मला बहात्तरचं कोडं थोडं उलगडलं. पाऊस १९०० साली हटला, तसा १९७२ सालीही हटला. देवाचं नाव घेणारे तेव्हाही होते, आताही होते. फरक पडला तो माणसांनी केलेल्या सोयीमुळं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. कामं काढली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. बाहेरून धान्य आलं. वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना आधीच मांडलेली होती, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. हाल फार झाले, गुरं फार गेली, कित्येकांची जमीन सुटली. आमच्या बीड जिल्ह्यातले कितीतरी जण त्यानंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागले ते आजही दसरा झाला की उचल घेऊन निघतातच. पण १९०० सारखी घरंच्या घरं मेली नाहीत. दादा म्हणाले होते की इठोबा टोपलं टाकायलाय. ती मस्करी नव्हती. पन्नास लाख टोपल्यांत त्यांना तो दिसत होता.

हे सगळं मी पुस्तकातून आणि दादांकडून शिकलो होतो. पण शिकलेलं आणि सोसलेलं यात फरक असतो. माझी पाळी २०१४ साली आली.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१२-१३ ला, दुष्काळ पडलाच होता. जनावरं छावणीला नेऊन बांधली होती आणि मीही त्यांच्याजवळ तिथंच राहत होतो. २०१३ चा पाऊस बरा झाला. मी कर्ज काढून ठिबक केलं, विहिरीचा गाळ काढला, डाळिंबाची बाग धरली. ज्वारी छातीच्या वर गेली होती, हरभरा घाट्यांनी लगडला होता. बायको म्हणाली, या वर्षी सगळं फिटतंय. फेब्रुवारी संपताना आभाळ फिरलं आणि मार्चच्या सुरुवातीला गारा पडल्या. मराठवाड्यात गावोगावी पडल्या, तशा आमच्याही. वीस मिनिटांचा खेळ. गारा थांबल्यावर रान पांढरं दिसत होतं. ज्वारी लोळण घेतल्यासारखी आडवी, डाळिंबाच्या फांद्या सोललेल्या, बांधावर पाखरं मरून पडलेली. बायको बांधावर मटकन बसली. मी घरी आलो, गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि खुंटीला अडकवली. म्हटलं, झालं तुझं नि माझं.

दादा तेव्हा ऐंशीच्या पुढं गेले होते, बाजेवरच असायचे. त्यांनी बघितलं. रागावले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "माळ घातली तवा देवासंगं काय बोली केली होती?"

मी म्हणालो, "बोली कसली?"

"म्हंजी, मी तुझं नाव घेतो, तू माझी ज्वारी राख, असं काही?"

मी गप्प बसलो. दादा म्हणाले, "बोलीच नव्हती तर त्यानं मोडली काय? रुसायचं तर रूस. मीबी रुसलो होतो बहात्तरला, कपिलधारला जाऊन बोंबललो. पर रुसून घरात बसू नको. शेजारच्या वस्तीवरचं पोरगं सकाळपासून कुणासंगं बोललं नाही म्हणत्यात. जा, त्याच्याजवळ बस."

मला खरं तर चीड आली. माझं बुडालंय आणि मी दुसऱ्याचं सांत्वन करायला जायचं? पण दादांचा शब्द मोडायची सवय नव्हती. गेलो. तो तरुण माणूस बागेतल्या पडलेल्या फळांकडं बघत बसला होता. मी त्याला देवाचं काही सांगितलं नाही, सांगायला माझ्याजवळ तेव्हा काही नव्हतंच. दोघं रात्री उशिरापर्यंत बसलो. सकाळी माझा विळा घेऊन पुन्हा गेलो आणि म्हटलं, लोळलेली ज्वारी सडायच्या आधी निदान कडबा तरी काढू, गुरांना होईल. आधी त्याचं रान काढलं, मग तो माझ्या रानात आला. हळूहळू आजूबाजूचे आणखी चार जण जमले. इर्जिकच झाली म्हणा. पंचनामे झाले, मदत आली, तिच्यात बियाण्यापुरतं भागलं. कर्ज फेडायला पाच वर्षं लागली.

दोन-तीन वर्षांनी तो पोरगा एकदा सहज बोलून गेला, "काका, त्या रात्री माझ्या मनात लई वंगाळ आलं होतं. तुम्ही उठून गेला असता तर..." पुढं तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. घरी येऊन मात्र मी बराच वेळ त्या खुंटीकडं बघत बसलो. माळ मी त्याच्याही आधी, २०१४ च्याच आषाढात परत घातली होती. रस्त्यानं दिंडी चालली होती, दादांनी नुसतं खुंटीकडं बघितलं आणि मी ती काढून गळ्यात घातली. तेव्हा ती दादांसाठी घातली होती. ती माझी झाली त्या पोराचं बोलणं ऐकल्यावर.

इथं एक सांगितलं पाहिजे. ज्याचं पेव भरलेलं आहे त्यानं रिकाम्या पेवाच्या माणसाला देवावर भरवसा ठेव म्हणू नये. ते पाप आहे. पीकविमा, रास्त भाव, तळ्यात पाणी, वेळेवर मदत ही माणसांची कामं आहेत आणि ती देवाच्या नावावर ढकलता येत नाहीत. नुकसान झालं म्हणजे आपलं काही पाप भरलं, असंही मी मानत नाही. १९०० साली मेलेल्या त्या लेकरांचं कसलं पाप होतं? दादांनी कधी मला सांगितलं नाही की भरवसा ठेव, पीक येईल. ते म्हणायचे, भरवसा ठेव आणि बियाणं राख. पीक येईल का नाही हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही. पण भरवसा ज्याच्यात उरतो त्याचा हात दुसऱ्या दिवशी चालतो, आणि तो हात आधी कुणाकडं तरी वळतो. मायचा गाडग्याकडं वळला, पोरीसाठी.

२०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते पाणी इतकं आलं की उभं सोयाबीन बुडालं, कित्येकांची मातीच वाहून गेली, खाली नुसता मुरूम राहिला. दादा आता नाहीत. मी बांधावर उभा होतो, पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले. माझा नातू शेजारी होता, अकरा-बारा वर्षांचा, बहात्तरला मी जेवढा होतो तेवढाच. तो म्हणाला, "आबा, आता?"

मी म्हणालो, "वापसा येऊ दे. मग हरभरा टाकू, वरच्या तुकड्यात ज्वारी."

"बियाणं आहे का?"

"आपल्यापुरतं आहे. खालच्या आळीच्या काकाचं मात्र सगळं भिजलंय."

पोरानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग आपण पातळ पेरू."

ही गोष्ट त्याला कुणी सांगितली होती मला ठाऊक नाही. त्याच्या आजीनं असेल. मी नुसती मान हलवली आणि दोघं घराकडं निघालो.